बिनवासाचं तेल

४ जानेवारी

वही नवीन आहे म्हणून अक्षर जपून काढते आहे. चार दिवसांत कोंबडीचे पाय उमटायला लागतील.

बाबांनी अखेर त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागची खोली दिली. बारा वर्षं प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे प्रयोग मांडून दिले, दुसऱ्यांच्या बाटल्या धुतल्या. आता जे होईल ते माझं. खोलीत एक ओटा, एक बेसिन, एक खिडकी (चौकट फुगलीय, उघडत नाही) आणि बाबांची तीस वर्षांची अडगळ. आवरताना प्रत्येक वस्तूपाशी बाबा थांबत होते.

"हे राहू दे."

"बाबा, हा घड्याळाचा अर्धा डबा आहे."

"उरलेला अर्धा कुठंतरी असेलच की."

शेवटी मीच डोळे मिटून सगळं पोत्यात भरलं. बाबा रुसून पुढे दुकानात जाऊन बसले आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटले, "सेकंदकाट्याला दम म्हणून नाहीच." आमच्या घरात ताई तासकाटा, मी सेकंदकाटा. आई मिनिटकाटा होती. ती गेल्यापासून आमची वेळ जरा चुकतेच.

९ जानेवारी

आज बाबांना करून दाखवलं.

प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांची कृती साधी आहे. मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडे येतात, पण काही मिठं अशी असतात की ती नेहमीच्या हवेतही पातळ राहतात. त्यांना आयनिक लिक्विड म्हणतात. काकवीसारखं दाट, वास नाही, आणि महिनाभर उघडं ठेवलं तरी उडून जात नाही. म्हणजे वाफ नाही. त्यात सेंद्रिय आम्लं विरघळवायची, लिंबात असतं ते सायट्रिक किंवा गंज काढणारं ऑक्झॅलिक. आम्ल पाण्यात असलं की धातूलाही चावतं. या द्रवात ते गप्प बसतं, गंज तेवढा खातं आणि खालचं पोलाद, पितळ सोडून देतं. आणि तोच द्रव पुन्हा पुन्हा वापरता येतो.

बाबांनी गंजून एकजीव झालेलं एक खिशातलं घड्याळ दिलं. "हे सुटलं तर मानलं." काचेच्या मोठ्या भांड्यात द्रव गरम केला, घड्याळाचा सांगाडा आत सोडला. तासाभरानं चाकं आपोआप मोकळी झाली. बाबांनी भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यानं एक चाक उचललं आणि उजेडात फिरवून पाहिलं.

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. एकाहत्तर वर्षं झाली, पण चिमट्याचं टोक केसभर हलत नाही. हा हात आहे तोवर माझा धंदा आहे. द्रव गंज काढेल, पण तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढा स्क्रू जागेवर कोण बसवणार? मी बसवायला गेले तर तो जमिनीवर सापडतो.

"वास कसा नाही याला?" बाबांनी विचारलं.

"वाफच नाही तर वास कुठून येणार?"

"बिनवासाचं तेल." त्यांनी नाव ठेवून टाकलं.

१७ जानेवारी

काम मिळालं! संग्रहालयाच्या बाई स्वतः आल्या होत्या. त्यांच्या तळघरात पाणी शिरलं होतं. चौसष्ट जुनी घड्याळं आठ महिने चिखलात होती. दोन मोठ्या कार्यशाळांनी हात वर केले. बाबांनी दुरुस्त केलेलं नमुन्याचं घड्याळ त्यांनी कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

३१ मार्चला प्रदर्शन आहे. सगळी चालू हवीत. जमलं तर संग्रहालयाची पुढची सगळी कामं आमच्याकडे. नाही जमलं तर मला पुन्हा कुणाच्या तरी बाटल्या धुवायला जावं लागेल, आणि ताई "मी म्हटलंच होतं" हे वाक्य आयुष्यभर पुरवून वापरेल.

बाबांनी त्यांच्या दुरुस्तीच्या वहीत एकापासून चौसष्टपर्यंत आकडे घातले. ही वही त्यांच्या लग्नाआधीपासून चालू आहे. आत्ताचा तिचा सतरावा भाग. माझी वही बघून म्हणाले, "एवढं काय लिहितेस ग?"

"मनातलं."

"मनातलं लिहून काय करायचं? दिसलं ते लिहावं."

२ फेब्रुवारी

अडचण. द्रव कमी पडतोय आणि पुरवठादार म्हणतो, तो आता एप्रिलशिवाय येत नाही. त्याच्याकडे दुसरा आहे, जवळपास तसाच. नाव वाचताना दम लागतो. पुढचा भाग तोच, शेवटचा तुकडा वेगळा, फ्लोरिनवाला. "बाई, प्रयोगशाळांत सर्रास जातो हा," म्हणाला.

सरांना मेल केली. सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेत, फोन ठेवत नाहीत आणि मेल महिन्यातून एकदा, तीही मनात आलं तर उघडतात. त्यांचं एक वाक्य डोक्यात आहे, "बाकी काही कर, पण पाण्यापासून जप." जपायचंच आहे. पाणी शिरलं की द्रव पातळ होतो, कस कमी होतो. तेवढं मला कळतं.

वाट पाहत बसले तर मार्च उजाडेल. मागवला.

७ फेब्रुवारी

नवा द्रव जुन्यापेक्षा सरस! एका तासाचं काम पंचवीस मिनिटांत. मी दुकानात गिरकी घेतली, बाबांनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "सव्वा सेकंद."

११ फेब्रुवारी

बाबांशी वाजलं. घड्याळाचे भाग द्रवातून काढले की ते पाण्यात खळबळतात आणि ओलेच परत द्रवात सोडतात. म्हणे पन्नास वर्षांची सवय, दोन पाण्यांतून काढल्याशिवाय भाग स्वच्छ होतच नाही.

"बाबा, पाणी नको जायला त्यात."

"चार थेंबांनी काय होतंय?"

मी पाहत राहिले. खरं तर दुसऱ्या बुचकळीनंतर भाग आणखी लखलखीत निघत होते. कस कमी झालेला नाही, उलट वाढलाय. तेव्हा मी गप्प बसले. सरांनी काही घड्याळं दुरुस्त केलेली नाहीत.

बाबा हातमोजे घालत नाहीत. मोज्यातून स्क्रू कळत नाही म्हणतात.

१९ फेब्रुवारी

चोवीस झाली.

दुपारी बाबा भिंग पुसत आले. "काच धूसर होतेय ग. भांड्याचीही. तुझं तेल उडतंय का हवेत?"

मी हसले. "वाफ नसते त्याला, बाबा. कितीदा सांगू?"

"मग?"

"नळाचं पाणी जड आहे. क्षार बसतात. व्हिनेगरनं पुसा."

"नावात ते काय म्हणालीस, फ्लोरिन?"

"टूथपेस्टमध्ये पण असतं ते. रोज दात घासता ना?"

बाबांनी जिभेनं आपली कवळी हलवून दाखवली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. कित्येक दिवसांत इतकं हसलो नव्हतो.

भांडं मी व्हिनेगरनं घासलं, पण डाग गेला नाही. भांडं जुनं आहे.

२७ फेब्रुवारी

बाबांना वाचताना त्रास होतोय. वर्तमानपत्र हात लांब करून धरतात, मग जवळ आणतात, मग माझ्याकडे देतात. चष्मा सतत पुसतात. माझा चष्मा त्याच खोलीत असतो, तो तर लख्ख आहे. म्हणजे दोष डोळ्यांचाच. मी कधीची सांगतेय, तुमच्या त्या जड काचांऐवजी माझ्यासारख्या प्लास्टिकच्या घ्या. पण नाही. "प्लास्टिकवर ओरखडे पडतात. काच ती काच."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आपली भिंगं लावून पाहिली, तर बाबांनी शेवटची ओळ धाडधाड वाचली. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे. एवढ्यानं धूसर दिसायला नको. जुनाच नंबर ठेवू, काचा तेवढ्या नव्या घाला." चला, जीव भांड्यात पडला.

४ मार्च

आज मन खट्टू झालं. बाबांनी मला मागच्या खोलीतून जवळजवळ हाकललं.

"तू पुढं बस. गिऱ्हाईक येतं, फोन येतो. मागचं मी बघतो."

"पण तापमान, आम्लाचं प्रमाण..."

"लिहून दे. मला वाचता येतं अजून."

दारही लावून घेतलं. म्हणजे कृती माझी, खोली माझी, काम माझ्या नावावर, आणि मी दाराशी बसून पट्टे बदलून देणार. ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पुरुष माणूस आहे शेवटी. मुलीच्या हाताखाली काम करणं जड जात असेल." मला हे पटलं नाही, पण दुसरं काय असणार?

जेवताना बाबांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं.

१० मार्च

एकेचाळीस. वेग चांगला आहे.

नव्या काचाही धूसर दिसतात म्हणाले. अकरा दिवसांत! डोळे भराभर उतरताहेत. शस्त्रक्रिया उरकून टाकावी, ३१ तारखेनंतर.

ताई आली होती. बाबांना खोकला आहे हे तिला दोन मिनिटांत कळलं, मला दहा दिवसांत कळलं नव्हतं. तिनं त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, नखांखाली पांढरं काय झालंय?"

"काम करतो मी. तुझ्यासारखा ऑफिसात बसत नाही."

"दुखतं?"

"दिवसा नाही. नंतर आत ठणकतं. हाडात."

"संधिवात," मी म्हटलं. आजीलाही होता. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की वाद अटळ होता, आणि तो झालाच. ती म्हणाली, काम थांबव. मी म्हटलं, तेवीस राहिलीत. ती म्हणाली, हात राहिला नाही तर तेवीस घड्याळांचं काय लोणचं घालणार? आपल्या हाताबद्दल आपल्यासमोरच भांडण चाललंय हे बघून बाबा उठले आणि मागे गेले. दार लागल्याचा आवाज आला.

ताई गेल्यावर मी संधिवाताचं मलम आणून त्यांच्या डब्याजवळ ठेवलं. थांबवलं मात्र नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठं कबूल करणार नाही.

१६ मार्च

मागच्या गल्लीतून येताना पाहिलं, खोलीच्या खिडकीची काच पांढुरकी दिसतेय. धूळ. बाहेरून ओल्या फडक्यानं पुसली, फरक पडला नाही. आतून पुसायला गेले तर बाबांनी दारातच अडवलं. "माझं काम पसरलंय. उद्या पुसतो मीच."

तोंडाला रुमाल बांधला होता. विचारलं तर म्हणाले, धूळ. खोलीला वास मात्र काहीच नव्हता. घशात थोडं खवखवलं. गल्लीत खोदकाम चालू आहे.

२१ मार्च

अठ्ठावन्न! संग्रहालयाच्या बाई पाहायला आल्या. टेबलावर ओळीनं चालणारी घड्याळं पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यातलं एक त्यांच्या आजोबांनी संग्रहालयाला दिलेलं निघालं. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. बाबांनी चटकन हात मागे घेतले, इतके चटकन की बाई ओशाळल्या. बाबा असे तुसडे कधी नव्हते.

आज पहिल्यांदा एक स्क्रू त्यांच्या चिमट्यातून निसटला. आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून तो शोधला. मला सापडला. बाबांनी तो घेतला नाही, "तू बसव" म्हणाले. तिसऱ्या प्रयत्नात मी बसवला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला भीती वाटली. कशाची ते कळेना.

२८ मार्च

हे इस्पितळाच्या बाकावर लिहिते आहे. परवाचं नीट क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

२६ ला सकाळी दोन घड्याळं उरली होती. बाबा दुकानात गेले. मी घरी थांबले, कारण शस्त्रक्रियेच्या कागदांबरोबर डॉक्टरांना बाबांच्या जुन्या काचा दाखवायच्या होत्या. त्या खणात सापडल्या. सहज खिडकीसमोर धरल्या. धूसर होत्या. पुसल्या. साबणानं धुतल्या. मग बोट फिरवलं. काच वर खरखरीत लागत होती, आणि चौकटीच्या खाली झाकलेली कड मात्र गुळगुळीत, लख्ख होती.

दोष डोळ्यांत नव्हता. काचेत होता. कुणीतरी काच खात होतं.

काच खाणारं आम्ल एकच आहे. बारा वर्षं प्रयोगशाळेत त्याच्या कपाटाला वेगळं कुलूप होतं आणि चावी माझ्याकडे होती.

मेल उघडली. सरांचं उत्तर दोन दिवसांपूर्वीच आलं होतं, मी घड्याळांच्या गडबडीत पाहिलंच नव्हतं. "फ्लोरिनवाला द्रव, त्यात आम्ल, आणि त्याला पाणी लागून उष्णता मिळाली तर तो फुटतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटतं. द्रव उडत नाही, पण हे उडतं. काचेचं भांडं धूसर झालंय का, एवढं आधी बघ. झालं असेल तर खोलीत पाऊल टाकू नका."

फोन लावला. बाबा कामात असले की उचलत नाहीत. मी धावले.

बाबा बेसिनशी उभे होते, उजवा हात नळाखाली. भांडं फरशीवर दोन तुकड्यांत पडलं होतं. तळ आतून खाऊन खाऊन कागदासारखा झाला होता. उचलताना निसटला आणि गरम द्रव हातावर गेला.

"भांडं फुटलं ग," ते म्हणाले. "भिऊ नकोस. फार दुखत नाही."

इस्पितळात मी आम्लाचं नाव सांगितलं, आणि हेही, की फार दुखत नाही म्हणतात. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "तेच तर वाईट आहे." ते कातडीवर थांबत नाही, आत हाडापर्यंत जातं आणि शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. हाताला कॅल्शियमचं मलम, शिरेतून कॅल्शियम, छातीला तारा. रात्रभर यंत्राची रेघ मधेच अडखळायची आणि मी तिच्याबरोबर अडखळायचे.

ताई आली. मी तयार होते, तिनं काहीही म्हणावं. ती म्हणाली नाही. माझ्या शेजारी बसली आणि माझी वेणी घालून दिली.

१ एप्रिल

हृदय सावरलं. जीव वाचला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं काढावी लागली. फुप्फुसांचं अजून सांगता येत नाही. माझंही रक्त तपासलं, ठीक आहे. "तीन आठवडे तुम्ही त्या खोलीत फारशा नव्हता, म्हणून वाचलात. नशीब समजा," असं म्हणाल्या.

काल प्रदर्शन उघडलं. बासष्ट घड्याळं चालू आहेत, असा बाईंचा निरोप आला. नवीन काम द्यायचंय, कधी भेटू, असंही त्यात होतं. मी तो निरोप पुसून टाकला.

बाबांना शुद्ध आल्यावर त्यांनी बँडेजकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "चार मिनिटं मागं आहे," म्हणाले आणि तोंड फिरवून झोपले.

५ एप्रिल

खोली बंद करायला आलेली माणसं अंगभर पोशाख घालून आत गेली. त्यांनी बाबांची दुरुस्तीची वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला दिली. आज धीर करून उघडली. चौसष्ट आकडे, शेवटचे दोन सोडून प्रत्येकापुढे एक ओळ, त्यांच्या बारीक अक्षरात. कुठं चाक बदललं, कुठं स्प्रिंग. मधूनमधून समासात वेगळ्या ओळी आहेत. दिसलं ते लिहिलेलं. त्या तेवढ्या उतरवून ठेवते.

७ फेब्रु. नवे तेल. गंज लवकर निघतो.

१२ फेब्रु. भांड्याची काच आतून धूसर. धुऊन जात नाही.

१९ फेब्रु. भिंगही धूसर. मुलीला विचारले. वाफ नसते म्हणाली.

२० फेब्रु. पुन्हा विचारले नाही. तिला जास्त कळते.

३ मार्च. खिडकीची काच धूसर. घसा खवखवतो. मुलगीही खोकली.

४ मार्च. कदाचित माझेच डोळे असतील. तरी मुलीला पुढे बसवले.